पत्रिका, पेपर आणि खराट्याचे हीर

सुट्टी लागली की दुकानांत मुलांसाठी हस्तकलेचे तयार संच दिसू लागतात. पुठ्ठा आधीच कापलेला, भोकं पाडलेली, रंगांना आकडे दिलेले आणि खोक्यावर पूर्ण झालेल्या वस्तूचा फोटो. मुलानं त्या फोटोपर्यंत पोचायचं. तासाभरात वस्तू होते आणि कपाटावर जाऊन बसते. त्या तासात मुलानं स्वतःहून एकही गोष्ट ठरवलेली नसते, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. किती लांब घ्यायचं, कुठे जोडायचं, काय गाळायचं, कोसळलं तर कुठून कोसळलं, हे ठरवत जाणं म्हणजे डिझाइन. सजावट त्यात सगळ्यात शेवटी येते, आणि बऱ्याचदा तिची गरजही पडत नाही.

पुढे जे उद्योग सुचवले आहेत त्यांचं साहित्य घरातच पडलेलं असतं. कल्पना मात्र काही मोठ्या डिझायनरांच्या कामातून घेतल्या आहेत. त्यांच्या वस्तूंची नक्कल मुलांकडून करून घ्यायची नाही. त्यांनी स्वतःला जो प्रश्न विचारला किंवा जे बंधन घालून घेतलं, तेवढंच उचलायचं आणि मुलापुढे ठेवायचं.

पहिल्या दिवशी कात्री काढूच नका. स्वयंपाकघरातून पितळेचा किंवा स्टीलचा तांब्या आणून मुलापुढे ठेवा. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्यानं भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्या अहवालातून पुढे, १९६१ मध्ये, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. देशभर फिरून पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत थोर वाटला तो आपला लोटा. त्याच्याबद्दल त्यांनी अहवालात प्रश्नांची लांबलचक यादीच दिली आहे. तो कमरेवर धरतात की डोक्यावर, भरल्यावर आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, पाणी ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का, हाताला कसा लागतो, आपटल्यावर आवाज कसा येतो. हेच प्रश्न आठ-नऊ वर्षांच्या मुलाला विचारून पाहा. गळा अरुंद का? काठ बाहेर वळलेला का? बुड सपाट असतं तर? मग अर्धा तांब्या पाण्यानं भरा आणि बेसिनवर मुलाला ओतू द्या. डोळे मिटून हात फिरवून मग चित्र काढायला सांगा, एकदा बाजूनं आणि एकदा थेट वरून. वरून काढलेलं चित्र म्हणजे एकात एक वर्तुळं, हे कळल्यावर मुलांना फार गंमत वाटते. एवढं पाहून झालं की पुढे हातात येणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे मूल जरा थांबून बघतं.

याच ईम्स जोडप्यानं १९५२ मध्ये एक खेळ काढला होता, त्याला त्यांनी पत्त्यांचा बंगला असंच नाव दिलं. खेळायच्या पत्त्याएवढी ५४ पानं आणि प्रत्येकाला सहा खाचा. खाचेत खाच घालून पानं एकमेकांत अडकवायची आणि चढवत न्यायची. गोंद नाही, टेप नाही. आपल्याकडे या खेळासाठी लागणारं उत्तम साहित्य प्रत्येक घरात साठलेलं असतं: लग्नपत्रिका. इतका जाड, रंगीत, गुळगुळीत कागद विकत आणायचा तर महाग पडतो, आणि लग्नसराईनंतर तो टाकून देणंही जिवावर येतं. पत्रिकेवर गणपती असतो, देवांची नावं असतात. तो भाग कापायला घरातल्या मोठ्यांना नको वाटतं. म्हणून तेवढा भाग सुरुवातीलाच वेगळा काढून ठेवा, म्हणजे पुढे निर्धास्तपणे कापता येईल.

पानाचा आकार सहा बाय नऊ सेंटिमीटर ठेवा. आधी एकच पान काळजीपूर्वक करा आणि बाकीच्यांसाठी तोच फर्मा वापरा. आखूड बाजूंवर मध्यभागी एकेक खाच, लांब बाजूंवर दोन-दोन. खाच साधारण सव्वा सेंटिमीटर खोल. रुंदीत खरी मेख आहे. खाच कागदाच्या जाडीइतकीच रुंद हवी. मुलं हमखास इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच कापतात, मग पानं लटपटतात आणि बंगला दुसऱ्या मजल्यावर बसतो. तेव्हा लगेच दुरुस्त करायला धावू नका. सैल खाचेची दोन पानं आणि घट्ट खाचेची दोन पानं शेजारी उभी करून दोन्हींना हलकं बोट लावायला सांगा. पुढची पानं मूल स्वतःच नीट कापेल. साध्या जाडीच्या पत्रिकेला कात्रीचा एक सरळ काप पुरतो. फार जाड असेल तर दोन काप घेऊन मधली दोऱ्याएवढी चिंधी काढून टाकायची.

वीस पानं झाली की खेळ सुरू करता येतो, आणि प्रत्येक वेळी एखादी अट घाला. वीसच पानांत सगळ्यात उंच काय उभं राहतं? दोन पुस्तकांच्या मधल्या फटीवर पूल बांधला तर त्यावर वाटी राहील का? फक्त तीनच पानं जमिनीला टेकवायची, तर? अट नसली की मूल दहा मिनिटांत कंटाळतं, अट घातली की जेवायला हाक मारावी लागते. दोन दिवसांनी त्याला पानाचाच आकार बदलू द्या. त्रिकोणी पान, षट्कोनी पान, बांगडी ठेवून आखलेलं गोल पान. चौकोनी पानांतून भिंती होतात, षट्कोनी पानांतून गोलसर घुमट होऊ लागतात. एका पानाचा आकार बदलल्यानं सबंध बांधकाम बदलतं, हे वास्तुरचनेच्या वर्गात शिकवलं जातं आणि इथे ते जेवणाच्या टेबलावर कळतं.

आता वर्तमानपत्र. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत जोसेफ आल्बर्स पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत. ते वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन वर्गात यायचे आणि सांगायचे, या कागदातून असं काही करा की कागदाचा मान राहील, शक्यतो कात्री-गोंद न वापरता. विद्यार्थ्यांनी होड्या केल्या, किल्ले केले, विमानं केली. एकानं मात्र पान फक्त उभं दुमडलं आणि पडद्यासारखं टेबलावर उभं करून ठेवलं. आल्बर्सना पसंत पडलं ते हेच. किल्ला दगडाचा किंवा लाकडाचा जास्त चांगला होतो; पण लुळा पडणारा कागद एका घडीनं स्वतःच्या कडेवर उभा राहतो, ही गोष्ट कागदाचीच. हा प्रयोग सगळ्या घरानं मिळून करावा. आजीला, बाबांना, मुलांना एकेक पान द्या, अर्धा तास द्या, कात्री-गोंद बाजूला ठेवा. अट एकच: कागद जमिनीपासून शक्य तितका उंच उभा राहिला पाहिजे. जपानी पंख्यासारख्या घड्या, सुरळ्या, पीळ, सगळं निघतं. कोणाचं उंच झालं यापेक्षा ते का उभं राहिलं, यावर नंतर बोला.

त्यातून सुरळीकडे वळता येतं, आणि माझ्या मते सबंध सुट्टीत एकच उद्योग करायचा असेल तर तो हा. वर्तमानपत्राचं दुहेरी पान जमिनीवर पसरा. एका कोपऱ्यावर विणकामाची सुई किंवा उदबत्तीची उरलेली काडी तिरकी ठेवा आणि तिच्याभोवती पान घट्ट गुंडाळत समोरच्या कोपऱ्यापर्यंत न्या. शेवटचा कोपरा खळीनं चिकटवा आणि काडी ओढून काढा. हातभराहून लांब नळी होते. टोकांना कागदाचे थर कमी असल्यामुळे ती नरम असतात, म्हणून दोन्हीकडून दोन-तीन बोटं कापून टाका. सैल गुंडाळलेली नळी वाकते, घट्ट गुंडाळलेली ताठ राहते. पहिल्या पाच-सहा नळ्या वायाच जाणार आहेत असं धरून चाला. रद्दीला तोटा नाही.

चार नळ्यांतून सुतळी ओवून चौकोन बांधा. मुलाला तो हातात धरून एका कोपऱ्यातून दाबायला सांगा. चौकोन कलतो, पतंगासारखा होतो, शेवटी मिटतो. आता तीन नळ्यांचा त्रिकोण बांधा आणि तोही दाबायला द्या. हलत नाही. बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचे कोनही ठरून जातात, चौकोनाचे ठरत नाहीत, एवढंच त्यामागचं कारण. मग मुलाला विचारा की पहिल्या चौकोनाला पक्कं करायला किती नळ्या लागतील. उत्तर एक, तिरकी टाकलेली. यानंतर रस्त्यावरून जाताना विजेचे मनोरे, मोबाइलचे टॉवर, रेल्वेचे पूल, मंडपाचे बांबू यांत मूल त्रिकोण शोधू लागतं.

हीच गोष्ट अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे वापरून देशभरच्या मुलांपर्यंत नेली. आयआयटी कानपूरहून १९७५ साली बाहेर पडलेला हा अभियंता पुढे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत राहिला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घर लहान असेल, वर्तमानपत्राच्या नळ्यांना जागा नसेल, तर त्यांची पद्धत घ्या. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब स्वस्तात मिळते. तिचे दीड सेंटिमीटरचे तुकडे करून दोन्हीकडून काड्या खुपसायच्या. काडीचा गुल मात्र आधी मोठ्यांनी खरवडून टाकायचा.

त्रिकोण जमला की त्याच्या एका बाजूवर आणखी दोन नळ्यांनी दुसरा त्रिकोण उभारा आणि दोन शेंडे सहाव्या नळीनं जोडा. सहा नळ्या, चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात तीन नळ्या. हा सांगाडा जमिनीवर कसाही टाकला तरी उभाच राहतो. असे चार सांगाडे केले की तीन खाली आणि एक वर रचता येतो, मग त्यावर जुनी साडी टाकली की मुलांना आत बसायला राहुटी मिळते. ती टिकेल का, असं लोक विचारतात. मुलांना जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांची हकिकत सांगा. १९९५ मध्ये कोबे शहरात भूकंप झाला, तेव्हा त्यांनी बेघर लोकांसाठी जाड कागदी नळ्यांच्या भिंतींची घरं बांधली आणि पायासाठी बिअरच्या बाटल्यांचे रिकामे क्रेट वाळू भरून वापरले. २००१ च्या भूकंपानंतर ते भूजलाही आले. तिथे क्रेटऐवजी त्यांनी पडलेल्या घरांचा राडारोडा पायात घातला, वर मातीची जमीन सारवली आणि छपराला बांबूच्या कमानी करून त्यावर चटया टाकल्या. कल्पना एकच, साहित्य त्या-त्या गावचं. २०१४ मध्ये त्यांना वास्तुरचनेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला. आपल्या मुलाला यातून पुढचा प्रश्न मिळतो: आपल्या राहुटीचा पाया कशाचा? चिंचोक्यांनी भरलेले डबे, वाळूच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, जे घरात असेल ते.

खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्यातून करायचा एक उद्योग थोडक्यात सांगते. इटलीच्या एन्झो मारी यांनी १९५७ साली लाकडाच्या एकाच फळीतून सोळा प्राणी कापून काढले. सगळे प्राणी परत एकमेकांत बसवले की पुन्हा आयत होतो. एकाची पाठ तीच दुसऱ्याचं पोट, कापताना वाया काही जात नाही. मुलांनी सोळांच्या फंदात पडू नये. वहीच्या पानाएवढा आयत आखून त्यात दोन प्राणी बसवून बघावेत, मग चार. कासव आणि घोरपड सोपे. बगळा सुरुवातीला घेऊ नका, त्याचे पाय पातळ होऊन मोडतात. प्राणी उभे राहायला हवेत, म्हणून पुठ्ठ्याचे दोन थर चिकटवा, मात्र एकाच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवा. कापायचं काम कटरनं आणि मोठ्यांनीच. मुलानं फक्त रेघ ठरवायची, आणि ती ठरवणं हेच अवघड आहे.

तोलाचा खेळ मात्र सावकाश करण्यासारखा आहे. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी आधी तार, बुचं आणि चिंध्या वापरून एक छोटी सर्कस केली होती आणि पॅरिसमध्ये ते मित्रांना तिचे खेळ करून दाखवत. १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी हवेत लटकणारी, वाऱ्यानं फिरणारी शिल्पं केली. आपल्याला त्यासाठी खराट्याचे हीर, सुती दोरा, बाटल्यांची झाकणं आणि पत्रिकेच्या कागदाची पानं पुरतात. हीर हलका, सरळ आणि ताठ असतो, हाताला टोचत नाही.

इथे एक नियम लक्षात ठेवा: सगळ्यात खालच्या फांदीपासून सुरुवात करायची आणि वर चढत जायचं. हिराच्या दोन्ही टोकांना काहीतरी बांधा, मधे दोऱ्याची सैल सरकगाठ टाका आणि हीर आडवा राहीपर्यंत ती सरकवत न्या. जागा सापडली की खळीचा थेंब देऊन पक्की करा. ही पूर्ण फांदी मग वरच्या हिराच्या एका टोकाला लटकते आणि दुसऱ्या टोकाला नवीन वजन येतं. वरून खाली करायला गेलं की प्रत्येक नव्या झाकणानं आधीचा सगळा तोल बिघडतो आणि मूल रडकुंडीला येतं. एका टोकाला एक झाकण, दुसऱ्याला तशीच दोन असतील तर तीस सेंटिमीटरच्या हिरावर सरकगाठ दोन झाकणांपासून साधारण दहा सेंटिमीटरवर येते. हे आधी सांगू नका. सरकवून झाल्यावर पट्टी देऊन मोजायला सांगा. सातवी-आठवीच्या मुलाला गुणाकार तिथेच दिसतो: वजन आणि अंतर यांचा गुणाकार दोन्हीकडे जवळपास सारखा. पंख्याखाली टांगाल तर दोरे गुंततील. खिडकीजवळ, लोकांच्या डोक्याच्या वर टांगा. रंग दोनच वापरायचे, अशी अट घातलीत तर आकार आणि हालचाल जास्त उठून दिसतात.

विणकामही याच पठडीतलं. पुठ्ठ्याच्या दोन समोरासमोरच्या कडांना सेंटिमीटरच्या अंतरानं चिरा पाडल्या की माग तयार. उभे ताणे सुतळीचे, आडवा बाणा जुन्या टी-शर्टच्या पट्ट्यांचा. विणायला बसण्याआधी घरातलं सूप, चटई, असेल तर बाज घ्या आणि त्यांची वीण बघा. एक वर एक खाली, की दोन वर दोन खाली? चौकडीच्या वहीत ती काळ्या-पांढऱ्या घरांनी काढली की पुढचा नमुना मूल स्वतः रचतं. बाउहाउसच्या विणकाम शाळेतून आलेल्या आनी आल्बर्स यांचं पुढचं सगळं काम अशा ताण्या-बाण्याच्या नियमांतून उमललेलं आहे.

साधनांबद्दल थोडं. चिकटवायला मैद्याची खळ सर्वांत चांगली. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न राहता कालवा, कपभर पाणी घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरट मिश्रण जरा पारदर्शक दिसू लागलं की उतरवा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते. पुस्तकं बांधणारे खळीत किडीसाठी मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या खळीत तो मुळीच नको. पाच वर्षांखालच्या मुलांना बोथट टोकाची कात्री, झाकणं मोठी, बटणं आणि मणी हाताशी नकोत. कटर आणि सुरी मोठ्यांच्याच हाती. खोकं एकच ठेवा, त्यात पत्रिका, पेपर, झाकणं, सुतळी, चिंध्या. भरलं की जुनं काढायचं. निवडायला फार काही समोर असलं की मूल निवडतच नाही.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर गरीब घरांतल्या, आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम केलं ते आसपास मिळणाऱ्या वस्तूंवरच. साहित्य विकत घेतल्याशिवाय शिकणं होत नाही, ही समजूत त्यांनी तेव्हाच खोडून काढली.

मोठ्यांनी कुठे थांबायचं हा खरा अवघड भाग. ‘आई, हे पडतंय’ असं मूल म्हणालं की आपला हात आपोआप पुढे जातो. त्याऐवजी विचारा, ‘कुठल्या बाजूला पडतंय?’ नंतर ‘तिथे काय कमी आहे?’ आणि मग गप्प बसा, निदान पाच मिनिटं. ‘किती छान!’ असं म्हणण्यापेक्षा ‘हा कोपरा तू असा का वळवलास?’ विचारलंत तर मूल बराच वेळ बोलत राहतं. भावंडांत तुलना करू नका; वयाप्रमाणे अट वेगळी द्या, म्हणजे तुलनेचं कारणच उरत नाही.

आणि ईम्सचे पत्ते, काल्डरची शिल्पं, मारींचे प्राणी यांचे फोटो मुलांना जरूर दाखवा, पण काम झाल्यावर. आधी दाखवलेला फोटो नमुना होऊन बसतो आणि मूल त्याच्याजवळ जायला धडपडतं. स्वतःच्या हातांनी सरकगाठ सरकवून झाल्यावर तोच फोटो दाखवला तर ते विचारतं, ‘यानं एवढं मोठं वजन टोकाला लावलं, मग धागा कुठे बांधला?’ त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला येत नसेल तर फोटो मोठा करून दोघं मिळून शोधा. शोधून झालं की पत्रिका, हीर आणि दोरे सोडवून परत खोक्यात टाका. उद्या त्यांतूनच दुसरं काहीतरी करायचं आहे.